शिट्टीचं माप

बाई स्वतःचं माप स्वतः सांगते तेव्हा त्यात दीड इंच मिळवायचा, हा टाचणीचा तीस वर्षांचा नियम होता. कमरेचं असेल तर दोन इंच. दुकानात बायका टेप समोर धरलेली असतानाही खोटं बोलत. श्वास आत ओढून उभ्या राहत, "आज जरा जड जेवण झालंय" म्हणत, "मागच्या वर्षीचंच धरा ना" म्हणत. टाचणी मान डोलवायची, बाईला हवा तो आकडा कागदावर लिहायची आणि कापड बेतताना मनातला धरायची. कपडा अंगात बसला की बाई खूश, टाचणीही खूश.

शाळेत अंगानं काडी होती म्हणून मुलींनी तिचं नाव टाचणी ठेवलं होतं. आता चोपन्नाव्या वर्षी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या आपल्या खोलीत जिना चढून पोचेपर्यंत ती दोनदा थांबायची. टाचणीसारखं तिच्यात उरलं होतं ते फक्त टोक, आणि ते सगळं जिभेला आलं होतं. गिऱ्हाइकं हसत हसत सहन करत, कारण तिच्या हाताला तोड नव्हती. रस्त्यापलीकडून चाललेल्या बाईचा दंडघेर ती खिडकीतून सांगायची, पाव इंचाचा फरक नसे.

तर अशा या टाचणीला वर्गाच्या मॉनिटरचा फोन आला. मॉनिटर अडतीस वर्षांनीही मॉनिटरच होती. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाली तरी खोड गेली नव्हती. तिनं एकेकीला हुडकून, स्वतःला धरून बावीस जणींचा फोनवर ग्रुप केला होता, शाळेतला हॉल ठरवला होता आणि हुकूम सोडला होता की सगळ्यांनी गणवेशातलं निळं जाकीट घालून यायचं, पूर्ण बाह्यांचं. शिवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. कापडाच्या दुकानात त्या निळ्याचा एकच तागा शिल्लक होता. टाचणीनं तो अख्खा उचलला आणि ग्रुपवर लिहिलं, "तागा एकच आहे, प्रत्येकीनं पाच मापं मला वेगळी पाठवा. छाती, कंबर, दंड, खांदा, बाही. खोटं बोलायचं असेल तर जरा बेतानं बोला."

मापं यायला लागली. टाचणी एकेक वाचायची, गालात हसायची आणि दीड इंच मिळवायची. आणि मग एका दुपारी शिट्टीचं माप आलं.

शिट्टी म्हणजे शाळेतली पाच वर्षं बाकावरची शेजारीण. मैदानाच्या एका टोकाला ती बोलली तर दुसऱ्या टोकाला शिपाई दचकायचा, असा आवाज. शिवणाच्या तासाला शेजारणीचं माप घेऊन कपडा बेतायचा असे, त्यामुळे शिट्टीचं दहावीतलं माप टाचणीला पाढ्यासारखं पाठ होतं. छाती तीस, कंबर चोवीस, दंड साडेआठ. पुढे शिट्टीचं लग्न ठरलं तेव्हा लग्नाचा पोशाख टाचणीनंच शिवायचा, हे दोघींनी न बोलताच ठरलं होतं. टाचणीचं ते पहिलं मोठं काम. लग्नाच्या सकाळी शिट्टीनं पोशाख अंगात घातला आणि पाठीवरचे हूक लागेनात. चार बोटांची फट. सात सेफ्टी पिना लावून, वर शाल पांघरून तिचं लग्न लागलं. मे महिन्यात शाल.

"तू माप घेतल्यावर हावरटासारखी खात सुटलीस," टाचणी म्हणाली होती. "तू माप चुकीचं घेतलंस," शिट्टी म्हणाली होती. झालं. दोघींपैकी एकही इंचभर हटली नाही. बत्तीस वर्षं.

खरं काय ते टाचणीला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. माप घेतलं होतं घरातल्या जुन्या कापडी टेपनं आणि कापड बेतलं होतं शिवणवर्गातल्या नव्या टेपनं. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, इंच लांबतात आणि आकडा कमी भरतो. दोन्ही टेपा शेजारी ठेवल्यावर तिला ते दिसलं. तेव्हाच जाऊन सांगायचं. पण आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्ष गेलं, आणि एकदा वर्ष गेलं की जाणं अवघड होत जातं, हे ज्यानं कधी असं काही टाळलंय त्याला सांगायला नको.

आता त्या शिट्टीचा पहिला शब्द बत्तीस वर्षांनी आला तो असा, "छाती तीस, कंबर चोवीस, दंड आठ." पुढेही काही होतं. दंडातला अर्ध्या इंचाचा फरक टाचणीच्या ध्यानात आला नाही आणि पुढचं तर तिनं वाचलंच नाही. तिनं शिट्टीचा ग्रुपवरचा फोटो उघडला. कुठल्याशा डोंगरावर उभी होती, चांगली भरलेली, गालावर खळी बुजलेली. चाळीसच्या खाली छाती नाही. म्हणजे ही बया दहावीतलं माप पाठवून टोमणा मारतेय. बघ, तुला माप कुठे घेता येतं, असं म्हणतेय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं तिनं तिथल्या तिथे ग्रुपवर लिहून टाकलं.

"आमच्या शिट्टीबाईंनी दहावीतलं माप पाठवलंय. जाकीट बाईचं शिवायचं की बाहुलीचं, ते कळवावं. खरा आकडा सांगायची लाज वाटत असेल तर मी अंदाजानं चाळीस धरते."

सतरा जणींनी हसरे चेहरे पाठवले. मॉनिटरनं दोन पाठवले. अर्ध्या तासानं फोनवर एक बारीक ओळ आली, शिट्टी ग्रुपमधून बाहेर पडली होती.

"झालं तुझं समाधान?" मॉनिटरनं फोन करून विचारलं. "किती मिनतवाऱ्या करून आणली होती तिला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तुमचा."

"मी काय केलं? तिनं सुरुवात केली," टाचणी म्हणाली. पण त्या दिवशी तिची शिलाई दोनदा वाकडी गेली.

दोन दिवसांनी कापायला सुरुवात करायची म्हणून तिनं मापांच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. तागा एकच, तेव्हा मोठ्या मापात लहान माप कसं बसवायचं ते आधी ठरवावं लागतं. शिट्टीची चिठ्ठी तिनं रागानं केलीच नव्हती. शेवटी फोन उघडला आणि तिचं माप पहिल्यांदा पूर्ण वाचलं. छाती तीस. कंबर चोवीस. दंड आठ. खांदा पावणेपंधरा. बाही बावीस.

टाचणीनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दहावीत शिट्टीचा खांदा साडेबारा होता, बाही एकोणीस. तेव्हा हे दहावीतलं माप नव्हे. शिट्टीच्या घरातली टेप ताणलेली असती तर पाचही मापं सारखीच कमी भरली असती, आणि टेपेबद्दल टाचणीला कुणी शिकवायला नको. खोटंच बोलायचं तर बाई छातीत बोलते, कमरेत बोलते, पण दंड आठ इंच आहे असं कुठलीही बाई सांगत नाही, ते तिला सुचतच नाही. राहिली एकच गोष्ट. हाडाची मापं पुरती होती आणि मांसाची गेली होती. असं माप टाचणीनं आयुष्यात एकदाच घेतलं होतं. सासूबाईंच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यांचे कपडे दर आठवड्याला आत घ्यावे लागत तेव्हा.

तिला आपल्याच जिभेची किळस आली. तीस वर्षं खोट्या मापांत दीड इंच मिळवत आलेल्या बाईला एक खरं माप आलं आणि तिनं त्याची चारचौघांत टिंगल केली.

तिनं फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. चौथ्या वेळी एका पुरुषाचा आवाज आला, "ती झोपलीय," आणि फोन बंद. ग्रुपवर माफी मागावी म्हणून ती अर्धा तास बोटं चालवत बसली. पण चूक माझी, माप खरं होतं असं लिहिलं, की सगळ्या ग्रुपला शिट्टीच्या दंडाचा आकडा कळणार, आणि तो कळवायचा की नाही हे शिट्टीनं ठरवायचं होतं. जे चारचौघांत बिघडवलं ते चारचौघांत निस्तरताही येत नव्हतं. स्नेहसंमेलनाला नऊ दिवस राहिले होते.

"जाऊन ये," तिचा नवरा म्हणाला. तो बसवर कंडक्टर होता, निवृत्त झाला तरी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे बसच्या नंबरात असे. "सात नंबरनं चौकापर्यंत, तिथून एकवीस. दुपारी जा, गर्दी नसते."

"आणि जाऊन काय सांगू?"

"ते मला काय विचारतेस. तोंड तुझं आहे."

तिनं शिट्टीचं जाकीट आधी कापलं, कच्चे टाके घातले, आणि मॉनिटरकडून पत्ता घेऊन निघाली. रिकाम्या हातानं जायची तिची हिंमत नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरचं दार शिट्टीच्या नवऱ्यानं उघडलं. हातात गोळ्यांची पट्टी होती. टाचणीनं नाव सांगितल्यावर तो दारातून हलला नाही.

"तुम्हीच का त्या," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या दिवशी तिनं आरशासमोर उभं राहून स्वतः माप घेतलं. मला हात लावू दिला नाही. पाऊण तास लागला. मध्ये दोनदा बसली. चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी केलं होतं तिनं. आणि मग तुमचा तो विनोद आला."

"भाऊजी, मला माहीत नव्हतं."

"माहीत नसतं तेव्हा माणूस गप्प बसतो." त्यानं दार लोटायला हात लावला.

टाचणी पिशवी पोटाशी धरून उभी राहिली. तेवढ्यात आतून आवाज आला. टाचणीनं तो ओळखला नाही. इतका बारीक होता की ती आजूबाजूला बघायला लागली.

"कोण आहे?"

"मी," टाचणी म्हणाली. "टाचणी."

शिट्टीचा नवरा जमिनीकडे बघत होता. मग तो बारीक आवाज पुन्हा आला. "जाकीट घालून बघायचं असेल तर ये. माफी मागायला आली असशील तर परत जा."

शिट्टी खिडकीजवळच्या खुर्चीत होती. डोक्याला रुमाल, मांडीवर दुलई. चेहऱ्यात डोळे तेवढे जुने होते. टाचणीला रडू आलं आणि तिनं ते गिळलं, कारण रडली असती तर शिट्टीनं तिला नक्की हाकललं असतं.

"आधी माप घे," शिट्टी म्हणाली. "खोटं सांगितलंय का बघ."

"राहू दे गं."

"घे."

टाचणीनं टेप काढली. खांदा पावणेपंधरा. बाही बावीस. छाती तीसला थोडी कमी. दंडाला टेप गुंडाळली तेव्हा तिची बोटं एकमेकांना लागली आणि ती एकदम थांबली.

"किती?" शिट्टीनं विचारलं.

"आठ."

"टाचणे."

"साडेसात."

"हं." शिट्टीनं डोळे मिटले. "मला दिसतं ते. हल्ली घरात सगळे मला हवा तो आकडा सांगतात. डॉक्टर सांगतो, हे सांगतात, लेक फोनवरून सांगते. तू निदान टोचून तरी खरं बोलायचीस. म्हणून तुला खरं माप पाठवलं होतं."

टाचणीच्या हातातली टेप खाली गेली. आणि जे बत्तीस वर्षं जमलं नव्हतं ते तिच्या तोंडून कसलीही तयारी नसताना बाहेर पडलं. "तुझ्या लग्नाचा पोशाख माझ्यामुळे बिघडला. माप जुन्या टेपनं घेतलं आणि कापला नव्या टेपनं. तू काही जाड झाली नव्हतीस. मला आठ दिवसांत कळलं होतं. सांगितलं नाही."

बाहेरच्या खोलीत नवऱ्याची पावलं थांबली.

"तुला माहितीय," शिट्टी सावकाश म्हणाली, "त्या दिवसापासून मी पोट आत ओढून चालतेय. लग्नात, बारशात, फोटोत. जेवताना पानात परत वाढू दिलं नाही कधी. बत्तीस वर्षं मला वाटत होतं की मी जाड आहे." ती जराशी हसली, आणि ते हसणं बघवत नव्हतं. "आता बघ. काही न करता बारीक झाले."

टाचणी टेप गुंडाळत राहिली.

"आण ते जाकीट," शिट्टी म्हणाली.

नवरा आला, त्यानं पाठीला हात दिला, टाचणीनं बाह्या चढवल्या. जाकीट असं बसलं की कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. नवरासुद्धा "छान दिसतंय" म्हणून गेला. टाचणीला क्षणभर वाटलं, सुटले. शिट्टीनं ते काढून मांडीवर घेतलं, उलटं केलं आणि काखेपासून कमरेपर्यंतच्या शिलाईवरून बोट फिरवलं. शिवणाच्या तासाला दोघी बरोबरच शिकल्या होत्या.

"मॉनिटरच्या जाकिटात आत किती कापड सोडणार आहेस?"

"दोन बोटं," टाचणी म्हणाली. प्रत्येक कपड्यात सोडावं लागतं. माणूस भरतं, मग शिलाई उसवून कपडा सैल करता येतो.

"बाकीच्यांच्या?"

"दोन बोटं."

"यात अर्धंच आहे."

टाचणीनं शिलाईकडे बघितलं. खरंच अर्धं बोट होतं. तिनं असं ठरवून काही केलं नव्हतं. सासूबाईंच्या शेवटच्या कपड्यांत ती जादा कापड ठेवत नसे, आत टोचायचं त्यांना. कात्री हातात आल्यावर हात तसेच चालले होते.

"म्हणजे तू ठरवून टाकलंस," शिट्टी म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी काही आता भरत नाही, असं."

"मी नाही ठरवलं. हातांनी कापलं गं."

"हात कुणाचे?"

नवऱ्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. शिट्टीनं जाकीट घडी करून टाचणीच्या हातात दिलं. "घेऊन जा. असलं नको मला."

"दुसरं शिवते."

"तागा एकच आहे म्हणालीस ना ग्रुपवर."

"ते मी बघते. तू येशील का तेवढं सांग."

"बघू," शिट्टी म्हणाली आणि डोळे मिटले. दमली होती.

तागा खरंच पुरणार नव्हता. उरलेल्या वीस जणींची मापं टाचणीनं चार वेळा मांडून बघितली. एकीच्या बाहीतून दुसरीचा खिसा निघत होता, अख्खं जाकीट निघत नव्हतं. तिनं आपल्या स्वतःच्या वाट्याचं कापड ओढून घेतलं, कात्री लावली आणि या वेळी दर टाक्याला स्वतःकडे लक्ष ठेवून शिवलं. टाचणीच्या मापात शिट्टी दीड वेळा मावत होती.

"आणि तू काय घालणार?" तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"शिवणाऱ्या बाईला कोण बघतं?"

संमेलनाच्या तीन दिवस आधी ती पुन्हा सात नंबर आणि एकवीस नंबर करून गेली. दार शिट्टीच्या नवऱ्यानंच उघडलं. "दवाखान्यात ठेवलंय कालपासून," तो म्हणाला. "ताप आहे." त्यानं नव्या जाकिटाचं पाकीट घेतलं, उघडलं नाही, आत बोलावलंही नाही. ते तीन दिवस टाचणीनं कसे काढले ते तिच्या मशीनला विचारावं. फोन वाजला की तिचे हात थांबायचे. मॉनिटर रोज विचारायची, "शिट्टीशी बोललीस का?" आणि ती "हो, बोलले" एवढंच सांगायची.

हॉलमध्ये अकराला सगळ्या जमल्या. निळीच निळी जाकिटं, गळाभेटी, कोण कोण आहे ते ओळखायचा गोंधळ. टाचणी रोजच्याच कपड्यांत दाराजवळच्या खुर्चीत बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होती. साडेअकरा झाले. बारा वाजायला आले. मॉनिटरनं फोटोसाठी रांगा लावायला घेतल्या.

तेव्हा दारात नवऱ्याच्या हाताला धरून शिट्टी आली. डोक्याला रुमाल, अंगात जाकीट. एकेक करून सगळ्या गप्प झाल्या. हसरे चेहरे पाठवणाऱ्या सतराही जणी त्यात होत्या, आणि प्रत्येकीला त्या क्षणी तेच आठवत होतं, हे त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. मॉनिटरचा हात तोंडावर गेला. कुणी पुढे होईना.

"खुर्ची द्या," शिट्टी म्हणाली. "आणि असं बघू नका. माप मी खरंच पाठवलं होतं."

दोघीतिघींनी एकदम खुर्ची ओढली. कुणीतरी रडत हसलं, मग सगळ्याच हलल्या, बोलायला लागल्या. मॉनिटरला आपलं काम आठवलं, तिनं डोळे पुसून रांगेवरून नजर फिरवली आणि तिचं लक्ष टाचणीकडे गेलं.

"तुझं जाकीट कुठंय गं? सगळ्यांचं शिवलंस आणि स्वतःचं?"

टाचणी काहीतरी थाप मारणार होती. शिट्टीनं तिच्याआधी आपल्या जाकिटाची कड उलटी करून धरली. आत, शिलाईच्या दोन्ही बाजूंना, निळं कापड रुंद दुमडलेलं होतं.

"हे काय इथं," शिट्टी म्हणाली. "दोन बोटं नाहीत, चार आहेत. एवढं भरायचंय मला अजून."

फोटोवाल्यानं जवळ सरकायला सांगितलं. शिट्टी खुर्चीतून उठली, उभी राहूनच फोटो काढायचा म्हणाली. टाचणीनं तिच्या दंडाला धरून आधार दिला. निळ्या कापडावरूनही तिच्या बोटांना आकडा कळला. शिट्टीनं विचारला असता तर तिनं सांगितला असता. शिट्टीनं विचारला नाही.